नागपूरहून तारे बघायला जाताना: आधी दिशा ठरवा, मग जागा

नागपूरहून अंधाऱ्या आकाशाखाली जायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते पेंचचं. त्यात चूक काही नाही. पण गाडी काढण्याआधी एक ठरवून घ्यायला हवं: जे बघायचंय ते आकाशाच्या कुठल्या बाजूला असणार आहे?

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुवतारा इथून क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे ध्रुव फक्त दोन मुठी वर. त्या बदल्यात दक्षिणेचं भरपूर आकाश आपल्या वाट्याला येतं. आकाशगंगेचा गाभा असलेला धनु-वृश्चिकाचा भाग इथून ४० अंशांपर्यंत चढतो, अगस्त्याचा तारा १६ अंशांपर्यंत. बघण्यासारख्या गोष्टींपैकी निम्म्याहून जास्त दक्षिणेला आहेत. आता शहर सोडून उत्तरेला गेलात तर नागपूरच्या दिव्यांचा उजेडाचा घुमट नेमका दक्षिणेला उभा राहतो. आग्नेयेला किंवा दक्षिणेला गेलात तर तोच घुमट पाठीमागे, ध्रुवाच्या बाजूला जातो, आणि तिथे तो फारसा नडत नाही. जागा निवडताना किलोमीटर सगळेच मोजतात, हा हिशेब मात्र सहसा कुणी करत नाही.

अंतराचा हिशेबही सरळ नसतो. शहरापासून दुप्पट लांब गेलात की शहराच्या बाजूचा उजेड निम्मा होत नाही, साधारण पाच-सहा पटींनी उतरतो. म्हणून तीस किलोमीटरवर थांबणं आणि साठवर थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्या तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये तर थांबूच नका. उत्तरेला कोराडी-खापरखेडा, पूर्वेला मौदा, दक्षिणेला बुटीबोरी, पश्चिमेला कळमेश्वर, असा औष्णिक वीज केंद्रांचा आणि एमआयडीसींचा वेढाच शहराभोवती आहे. दिव्यांच्या जोडीला धूर असतो, आणि हवेतल्या कणांवर उजेड पसरून आकाश दुधाळ होतं.

तारीख: संकष्टीपासून मोजा

चंद्र वर असेल तर कितीही लांब जा, उपयोग नाही. अष्टमीचा अर्धा चंद्रसुद्धा आकाशगंगा पुसून टाकतो. पण त्यासाठी अमावस्याच गाठायला हवी असंही नाही. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती धरा. कृष्ण चतुर्थीला चंद्र साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. तिथून रोज सरासरी ५० मिनिटं उशीर. म्हणजे कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास, द्वादशी-त्रयोदशीला थेट पहाटे. शुद्ध पक्षात उलटं: चतुर्थीचा चंद्र नऊच्या सुमारास मावळतो, मग आकाश आपलंच. छापलेली वेळ मुंबईची असेल तर नागपूरसाठी त्यातून सुमारे २५ मिनिटं वजा करा, कारण नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे.

संध्याकाळी बसायचं असेल तर कृष्ण अष्टमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री कामाच्या. त्यात एक तरी शनिवार सापडतोच. अमावस्येला बाहेर पडायला घरून हरकत असेल तर त्रयोदशी घ्या. आकाश तितकंच काळं मिळतं आणि वादही होत नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावस्येची असली तरी सोडून द्या. फटाक्यांचा धूर पुढचे दोन-तीन दिवस खाली बसून राहतो.

सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असं नाही. तो क्षितिजाखाली १८ अंश जावा लागतो, आणि आपल्याकडे त्याला सव्वा तास ते सुमारे एक तास पंचवीस मिनिटं लागतात. डिसेंबरात सातच्या आत पूर्ण अंधार होतो, मेअखेरीस सव्वाआठ वाजतात.

ऋतू

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत विदर्भात आकाशाचा नाद सोडलेला बरा. ऑगस्टच्या ययाती उल्कावर्षावाच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्याकडे त्या वेळी ढग असतात. पोळ्याची अमावस्याही बहुधा ढगातच जाते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ खरा. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत हवा स्थिर असते, पण याच स्थिरतेमुळे धूर वर जात नाही आणि जमिनीलगत थर धरून बसतो. रामटेक, मौदा, भंडारा या धानपट्ट्यात कापणीनंतर तणस जळते तेव्हा क्षितिजापासून दहा-पंधरा अंश धुरकट राहतात. सगळ्यात स्वच्छ आकाश मिळतं ते अवकाळी पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की. पहिल्या रात्री नको. जमीन ओली असते आणि दव सगळं भिजवतं.

एप्रिल-मे कठीण, पण टाकाऊ नाही. धुळीमुळे क्षितिज गढूळ असतं, मोहफुलं वेचण्यासाठी पालापाचोळा जाळल्याचा धूर असतो. तरी आकाशगंगेचा गाभा मध्यरात्रीनंतर उंच चढण्याचा हाच काळ. उकाड्यात अंगणात खाट टाकून झोपण्याची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

कुठे जायचं

*पेंच, सिल्लारीची बाजू.* नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटर, कामठी-कन्हान-मनसरवरून सिवनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली गेली. वनविभागाने दुर्बीण आणि आकाश बघण्याची जागाही तयार केली आहे. मात्र या मान्यतेचा अर्थ नीट घ्या: उजेड आवरण्याची व्यवस्था आहे आणि लोकांना आकाश बघता येतं, असा तो आहे. नागपूरचा घुमट त्यामुळे नाहीसा होत नाही. तो दक्षिण-नैऋत्येला क्षितिजालगत दिसतोच. डोक्यावरचं आणि उत्तरेचं आकाश इथे उत्तम. देवयानी, शर्मिष्ठा, कृत्तिका, मिथुनेतल्या उल्का यांसाठी पेंचच घ्या.

इथे नकाशात हमखास घोटाळा होतो. सिल्लारीचा फाटा जिथे लागतो ती पवनी रामटेक तालुक्यातली. दुसरी पवनी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी, तालुक्याचं ठिकाण. खाप्याचंही तेच, सावनेर तालुक्यातलं खापा वेगळं, पेंचलगतचं वेगळं. मोबाइलवर नुसतं गावाचं नाव टाकून निघालात तर भलतीकडेच पोहोचाल. 'सिल्लारी गेट' असं टाका.

*उमरेड-कऱ्हांडला आणि पुढे गोसेखुर्दची बाजू.* दक्षिण आकाशासाठी ही दिशा. नागपूर वायव्येला मागे राहतं. उमरेडच्या कोळसा खाणींवर रात्रभर प्रखर दिवे असतात, म्हणून उमरेडच्या जवळ थांबू नका, कऱ्हांडल्याच्या पलीकडे जा. गोसेखुर्दच्या जलाशयाच्या उत्तर काठाला मुक्काम मिळाला तर सोन्याहून पिवळं: समोर दक्षिणेला नुसतं पाणी, झाड नाही, टेकडी नाही, क्षितिज थेट खाली टेकलेलं. धरणाची भिंत मात्र टाळा. तिथे उजेड असतो, आणि रात्री दुर्बीण घेऊन उभं राहणाऱ्याला पहारेकरी काय समजतील ते वेगळं सांगायला नको.

*बोर.* वर्धा जिल्ह्यात, अंतर पेंचइतकंच. शहर ईशान्येला राहतं, पूर्वेला बुटीबोरीचा उजेड. पश्चिम आकाश चांगलं, म्हणजे संध्याकाळच्या पहिल्या दोन तासांसाठी योग्य.

*रामटेक-खिंडसी.* पन्नास किलोमीटरच्या आत, म्हणून मोहात पडायला सोपं. गडमंदिर आणि गावाचे दिवे जवळ आहेत. लहान मुलांना नक्षत्रं दाखवायला पुरे, आकाशगंगेसाठी नाही.

*दोन रात्री असतील तर उंची गाठा.* चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, तामियाही जवळपास तितक्याच उंचीवर. थंडीतला धुराचा थर बराचसा खाली राहतो आणि तारे क्षितिजाच्या अगदी जवळपर्यंत टिकून असतात. तामिया छिंदवाड्यामार्गे सुमारे १८० किलोमीटर. चिखलदऱ्याला दक्षिणेकडे परतवाडा-अचलपूरचा उजेड येतो, त्यामुळे गावाच्या उत्तरेकडच्या बाजूचा मुक्काम बघा. पावसाळ्यात मात्र तिथे धुक्याशिवाय काही दिसत नाही.

मुक्कामाला फोन करताना

आकाश बिघडवणारा दिवा बहुतेक वेळा शहरातला नसतो, आपल्याच मुक्कामाच्या अंगणातला असतो. खोली ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. अंगणातले आणि फाटकावरचे दिवे रात्री आठनंतर बंद करता येतील का? स्विच कुणाकडे असतो आणि तो माणूस रात्री जागा असतो का? बसायची जागा कुंपणाच्या आत आहे का? आणि तिथून दक्षिणेला झाडं किती उंच आहेत? 'हो हो, सगळं होईल' असं उत्तर आलं तर दुसऱ्या प्रश्नावर अडून बसा. स्विच बंद खोलीत आणि किल्ली मॅनेजरच्या घरी, हा नेहमीचा प्रकार आहे. शनिवारी डीजे किंवा शेकोटीचा कार्यक्रम आहे का, हेही विचारून घ्या. शक्य असेल तर रविवारची रात्र घ्या आणि सोमवारी रजा टाका.

हवामान बघताना 'पाऊस नाही' एवढ्यावर जाऊ नका. हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची इन्सॅट उपग्रहाची चित्रं दुपारी तीन-चारला उघडा. उंचावरचे विरळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग अंदाजात 'निरभ्र' म्हणून जातात, पण रात्री तेच आकाशगंगा खाऊन टाकतात. दुपारी सूर्याभोवती खळं दिसत असेल तर बेत पुढे ढकला.

आधी घरच्या गच्चीवर

ऐकायला उलटं वाटेल, पण नक्षत्रं शिकायची तर शहरातच. नागपुरातून फक्त ठळक तारे दिसतात, त्यामुळे आकृती लगेच ओळखू येते. पेंचला गेल्यावर मृगाच्या आत-बाहेर इतके तारे उगवतात की नवखा माणूस गोंधळून जातो. निघण्याआधीचे आठ-दहा दिवस रोज पंधरा मिनिटं गच्चीवर काढा आणि दहा तारे पक्के करा. हिवाळ्यासाठी व्याध, प्रश्वा, काक्षी, राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसूची जोडी, मघा, अगस्त्य. उन्हाळ्यासाठी स्वाती, चित्रा, ज्येष्ठा, अभिजित, श्रवण. स्टेलारियम अॅपमध्ये ठिकाण नागपूर करून घ्या आणि रात्रीचा लाल पडदा चालू ठेवा. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणाचा एक खेळही सुरुवातीला कामी येतो.

सामान

पहिल्या तीन-चार सहलींना टेलिस्कोप नको. दहा बाय पन्नासची (दहापट शक्ती, पन्नास मिलिमीटरचं भिंग) द्विनेत्री पुरे. तिचं वजन किलोभर असतं, त्यामुळे उभं राहून दोन मिनिटांतच हात थरथरतात; आरामखुर्चीत पाठ टेकून, कोपरं खुर्चीच्या हातांवर ठेवून बघा. दहापटीपेक्षा जास्त शक्तीची द्विनेत्री हातात स्थिर राहत नाही, तिला ट्रायपॉड लागतो. 'वीस बाय पन्नास', 'तीस बाय साठ' असं छापलेल्या स्वस्त द्विनेत्रींच्या नादी लागू नका. पन्नाशीपुढच्या माणसाने सात बाय पन्नासवर पैसे घालू नयेत: तिच्यातून सात मिलिमीटर रुंद प्रकाशशलाका बाहेर पडते, आणि वयाबरोबर डोळ्याची बाहुली तेवढी उघडेनाशी होते. उरलेला प्रकाश वाया जातो.

टॉर्च लाल हवी. आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद तीन-चार घड्या करून रबरबँडने बांधा. एका घडीतून पांढरा उजेड गळतो. लाल असून झगझगीत असेल तरी डोळे बिघडतातच, म्हणून हाताच्या रेषा कशाबशा दिसतील इतकाच मंद ठेवा. चालण्यासाठी मात्र वेगळी, साधी पांढरी टॉर्च खिशात असू द्या. त्याचं कारण पुढे येईल.

कपड्यांत लोक फसतात. डिसेंबर-जानेवारीत नागपुरातच पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, जंगलालगत आणखी खाली. त्यात तुम्ही चालत नसता, चार तास निश्चल बसलेले असता. दोन स्वेटर, कानटोपी, दोन जोड मोजे, आणि खुर्चीवर घडी घातलेली चादर, कारण थंडी खालून लागते. चहाचा थर्मास, शेंगदाणे-गूळ, चिवडा. वाटेत सावजीवर ताव मारून गेलात तर नऊ वाजता डोळे मिटायला लागतील. ते जेवण परतीला ठेवा. डासांचं मलम लावलं की हात पुसूनच द्विनेत्री धरा. त्यातल्या काही द्रव्यांनी प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं.

टेलिस्कोप नेणारच असाल तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप न्या. खड्ड्यांमधून गेल्यावर आरसे हललेले असतात, म्हणून पोहोचल्यावर उजेड असतानाच आरशांची जुळणी तपासा. नंतर नळी अर्धा-पाऊण तास उघड्यावर ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय गुरू-शनी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात.

दव

हिवाळ्यातल्या सहली ढगांपेक्षा दवाने जास्त वाया जातात. तलावाच्या काठाला दहा-अकरापासूनच काच धुरकट होते आणि लोकांना वाटतं आकाश बिघडलं. काच आकाशाकडे तोंड करून उष्णता सोडते, हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर पाणी धरतं. उपाय: काळ्या योगा मॅटचा तुकडा गुंडाळून नळीच्या तोंडापुढे बसवा, लांबी नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. बघत नसाल तेव्हा द्विनेत्री स्वेटरच्या आत ठेवा. दव धरलंच तर गमछ्याने पुसू नका. धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. कोमट हवेने, नाहीतर गाडीत थोडा वेळ ठेवून उडवा. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेला कॅमेराही असाच भिजतो. बॅगेची चेन न उघडता ती वीस मिनिटं बाहेर ठेवा. बसायला काठापासून थोडी उंचावरची जागा बघा, कारण गार हवा आणि धुकं खोलगटात साचतं.

पोहोचल्यावर

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. खड्डे, तारा, पाण्याच्या नळ्या कुठे आहेत ते उजेडात बघून ठेवा, उत्तर-दक्षिण नक्की करा, खुर्च्यांची तोंडं ठरवा. गाडी बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, म्हणजे कुणी लवकर निघालं तर हेडलाइट सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार नाही. गाडीतला छताचा दिवा बंद करा, डिकीच्या दिव्यावर चिकटपट्टी लावा, आणि रिमोटने दार उघडू नका. चारी इंडिकेटर लागतात आणि अर्ध्या तासाची मेहनत जाते.

ती मेहनत म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यातलं अंधुक उजेड टिपणारं रसायन पुन्हा साठायला वीस-तीस मिनिटं लागतात, पूर्ण साठायला त्याहून जास्त. मोबाइलच्या एका पांढऱ्या झळीने ते संपतं. म्हणून गटातल्या प्रत्येकाचा फोन आधीच मंद आणि लाल करून घ्या. 'मी फक्त वेळ बघत होतो' म्हणणारा एकजण सगळ्या गटाला मागे नेतो.

आकाश खरंच काळं आहे का, हे कसं ओळखायचं? परदेशी पुस्तकांत ध्रुवमत्स्याचे तारे मोजायला सांगतात. नागपूरच्या अक्षांशावर ते नक्षत्र इतकं खाली असतं की धूळच ते झाकते, त्यामुळे तो निकष इथे लागू नाही. त्याऐवजी कृत्तिका मोजा. सहा तारे सुटे दिसले तर ठीक, आठ-नऊ दिसले तर रात्र उत्तम. ढगाचा तुकडा आला तर त्याच्याकडे बघा: शहराजवळ ढग आकाशापेक्षा उजळ दिसतो, खऱ्या अंधारात तो ताऱ्यांमधलं काळं भोक होऊन सरकतो.

काय, कधी

नोव्हेंबरात नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका जवळपास माथ्यावर, थोडी उत्तरेला असते. महाश्व नक्षत्राच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघा, एक तारा सोडून दुसरा ठळक तारा गाठा, तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला वळा, दोन मंद तारे ओलांडा. दुसऱ्याच्या शेजारीच पुसट लांबट डाग. थेट बघितलं की तो विरतो, नजर किंचित बाजूला ठेवली की उमटतो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे, घाई करू नका.

१३-१४ डिसेंबरला मिथुनेतल्या उल्का. विदर्भासाठी वर्षातला हाच एक भरवशाचा उल्कावर्षाव. आकाश कोरडं असतं आणि मिथुन रास दोनच्या सुमारास माथ्याजवळ येते. द्विनेत्री बाजूला ठेवा, आडवं व्हा, मोठ्यात मोठा आकाशाचा तुकडा नजरेत घ्या. त्या वर्षी चंद्र कुठे आहे ते मात्र आधी बघा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेनऊच्या आसपास अगस्त्य बरोबर दक्षिणेला, दीड मुठीवर. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असल्याने तो धुरकटातूनही दिसतो. फेब्रुवारी-मार्चात संधिप्रकाश संपता संपता पश्चिमेला एक तिरकस, फिकट उजेडाचा सुळका वर चढलेला दिसेल. तो गावाचा उजेड नव्हे, ग्रहांच्या पातळीतल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आहे. नागपूर मागे टाकून पश्चिम मोकळी असलेल्या जागी तो ओळखता येतो, म्हणून बोरचं नाव वर आलं.

आकाशगंगेच्या गाभ्यासाठी मार्चात पहाटे चार ते पाच, मेमध्ये मध्यरात्रीनंतर, आणि ऑक्टोबरात अंधार पडता पडता नैऋत्येला. ऑक्टोबरात तो जेमतेम तासभर चांगला दिसतो, त्यामुळे जेवण नंतर.

मेमध्ये दहाच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर नरतुरंग नक्षत्रातला ओमेगा तारकागुच्छ डोळ्यांनी अंधुक आणि द्विनेत्रीतून कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो. त्याच्याही खाली, नऊ-साडेनऊला, क्षितिजाला जवळपास टेकलेला त्रिशंकू. त्याचा सगळ्यात खालचा तारा इथून सहा अंशसुद्धा वर येत नाही. वळवाचा पाऊस पडून धूळ बसलेली असेल आणि समोर गोसेखुर्दसारखं मोकळं पाणी असेल तरच दिसेल. सिल्लारीहून त्याच्या मागे लागू नका. नागपूरचा उजेड तो गिळतो.

उत्तरेला सप्तर्षी वर आले की शेपटीच्या तिघांपैकी मधल्या ताऱ्याशेजारची अरुंधती शोधायला लावा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर चौकोन म्हणजे खाट आणि मागचे तिघे चोर, ही गोष्ट ऐकायला मिळेल.

फोटो

ट्रायपॉडशिवाय काही होत नाही. कॅमेरा पूर्ण मॅन्युअल, लेन्स १४ ते २४ मिलिमीटर, छिद्र २.८ किंवा जितकं उघडेल तितकं, आयएसओ १६०० ते ३२००. किती सेकंद? ५०० ला मिलिमीटरने भागा: २४ ची लेन्स असेल तर वीस सेकंद. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आधी मिलिमीटरला दीडने गुणा, म्हणजे १८ च्या लेन्सला अठरा सेकंद. फोटो मोठा करून बघितल्यावर तारे लांबट वाटले तर ५०० ऐवजी ३०० घ्या. सगळ्यात जास्त फोटो फोकसमुळे जातात. ऑटोफोकस बंद करा, पडद्यावर व्याध दहापट मोठा करून बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगवर टेप लावा. मोबाइल असेल तर नाइट मोड, तीन सेकंदांचा टायमर, आणि तो टेकवायला दोन विटा.

जंगलाचे नियम

हा भाग बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा. कुंपणाच्या आत बसा. पेंच, कऱ्हांडला, बोर ही सगळी वाघ-बिबट्यांची जंगलं आहेत आणि मोहाच्या हंगामात रात्री अस्वलं गावाजवळ येतात. जंगलातल्या रस्त्याकडेला गाडी थांबवून, उतरून आकाश बघणं हा वेडेपणा आहे, आणि बेकायदाही ठरू शकतो. वनक्षेत्रात बसायचं असेल तर वनविभागाची परवानगी आणि सोबत स्थानिक गाइड, याशिवाय नाही.

दुसऱ्याच्या वावरात अंधारात पाऊल टाकू नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला जंगलालगतच्या शेतांभोवती तारा ओढलेल्या असतात आणि काहींत बेकायदा थेट वीज सोडलेली असते. त्यात जनावरंही मेली आहेत, माणसंही. रस्त्याकडेचं वावर कितीही मोकळं दिसलं तरी मालक सोबत असल्याशिवाय आत शिरायचं नाही.

जमिनीवर सतरंजी टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. खुर्ची किंवा खाट घ्या. पायात बूट, आणि चालताना ती पांढरी टॉर्च खाली धरून लावाच. तिथे डोळ्यांची सवय मोडली तरी चालेल. सर्पदंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. अवयव हलू न देता थेट रुग्णालय. म्हणून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधीच लिहून ठेवा, कारण रात्री तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही.

शेकोटी नको. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, शिवाय धूर आणि उजेड दोन्ही आपल्याच डोळ्यांत. हिरवा लेझरही घरी ठेवा. नागपूरवरून रात्रभर विमानं जातात आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर तो पडणं धोक्याचं, गंभीर आहे. तारा दाखवायचा तर 'त्या सागाच्या शेंड्यावरून तीन मुठी वर' एवढं पुरतं.

रात्री दोनला गुंडाळून नागपूरला परत निघू नका. डुलकी, महामार्गावर आडवी येणारी जनावरं, आणि जानेवारीत कन्हानच्या पुलापासून दाट होत जाणारं धुकं, तिन्ही एकाच वेळी भेटतात. मुक्काम करा, सूर्य वर आल्यावर निघा. मनसरला तर्री-पोहे तोवर गरम असतात.